ससून डॉकची लोखंडी कडी

ऑक्टोबर १८९६ ची सुरुवात. 'ब्रिटानिया' नावाची आगबोट मुंबई बंदरात नांगर टाकून उभी होती. जवानांना संध्याकाळी आठनंतर, उन्हं उतरल्यावर धक्क्यावर न्यायचं ठरलं होतं. अधिकाऱ्यांना मात्र हवं तर आधी जायची मुभा होती. बोटीभोवती सकाळपासून होड्या हेलकावत होत्या. तीन आठवडे समुद्र पाहून कंटाळलेल्या घोडदळाच्या काही तरुण अधिकाऱ्यांनी त्यातली एक बोलावली. पाव तासात होडी ससून डॉकला लागली. समोर धक्क्याची उभी भिंत, ओल्या निसरड्या पायऱ्या आणि धरायला लोखंडी कड्या. लाट होडीला चार-पाच फूट वर उचलायची आणि तितकीच खाली सोडायची. एकाने हात लांब करून कडी पकडली. पाय पायरीवर नीट टेकण्याआधीच होडी खाली गेली, बाजूला सरकली आणि त्याच्या उजव्या खांद्याला जबरदस्त हिसका बसला. तो कसाबसा वर चढला, चार शब्द तोंडातून गेले, खांदा दाबून धरला आणि थोड्या वेळाने ते सगळं विसरूनही गेला.

तो विन्स्टन चर्चिल. वय एकवीस, चौथ्या हुसार्स रेजिमेंटमधला लेफ्टनंट, हिंदुस्थानात पहिल्यांदाच आलेला. पाऊल ठेवतानाच माशी शिंकली.

चौतीस वर्षांनी, ऑक्टोबर १९३० मध्ये, त्याचं 'माय अर्ली लाइफ' हे आत्मकथन प्रसिद्ध झालं. तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. अर्थमंत्रिपद गेलेलं, पक्ष विरोधात बसलेला. बालपण, शाळा, सँडहर्स्टची लष्करी अकादमी, क्यूबा, बंगळूर, मलाकंद, सुदान, दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध आणि शेवटी पार्लमेंट असा त्या पुस्तकाचा प्रवास आहे. राजकारण्यांची आत्मचरित्रं मी बरीच वाचली आहेत. मंत्रिपदाच्या काळावर लिहिताना बहुतेक जण स्वतःची वकिली करतात, पण तरुणपण आणि सैन्यातले दिवस लिहायला बसले की हात मोकळा सुटतो. म्हणून त्या भागाकडे मी नेहमी जास्त बारकाईने पाहतो. चर्चिलच्या पुस्तकातला ससून डॉकचा प्रसंग फार तर दीड-दोन पानांचा. पण राजकारणी माणूस आपल्या तरुणपणाची आठवण कशी रचतो हे दाखवायला मला त्याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. शिवाय तो प्रसंग आपल्या अंगणात घडलेला आहे, त्यामुळे तो पडताळून पाहण्याची जी सोय मराठी वाचकाला आहे ती इंग्रज वाचकालाही नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पुस्तकाच्या प्रस्तावनेत चर्चिलने एक अट घातली आहे. ज्या वयाबद्दल लिहितोय त्या वयाच्या नजरेने लिहायचा आपण प्रयत्न केला आहे: मुलगा असताना मुलाच्या, कॅडेट असताना कॅडेटच्या, लेफ्टनंट असताना लेफ्टनंटच्या. एखादं मत आजच्या मतांशी जुळत नसेल तर ते त्या वेळचं मत समजावं. लेखक म्हणून ही अट उत्तम आहे, पुस्तकाचा ताजेपणा तिच्यातूनच येतो. पण राजकारण्याच्या हातात तीच अट ढालही होऊ शकते. त्या लेफ्टनंटला जे दिसलं नाही, ते पंचावन्न वर्षांच्या लेखकानेही सांगायचं नाही, याची जणू आगाऊ परवानगीच घेऊन ठेवली आहे.

खांद्याचं पुढे काय झालं

ही आठवण खरी असल्याची खात्री पटते ती शरीरामुळे. खांद्याचा सांधा हा उखळीचा सांधा, पण त्याची वाटी फार उथळ असते. मांडीचं हाड खुब्यात खोल बसलेलं असतं, तसं दंडाच्या हाडाचं नसतं. ते वाटीच्या तोंडाशी जेमतेम टेकलेलं असतं, आणि आजूबाजूचे बंध व स्नायू त्याला जागेवर धरून ठेवतात. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच तो सांधा निखळतोही. विशीतल्या माणसाच्या खांद्याचे ते बंध एकदा फाटले की पुन्हा पुन्हा निखळण्याची भीती कायमची राहते. कबड्डी-कुस्तीच्या आखाड्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. हात वर करून मागे खेचला गेला की खांदा गेलाच म्हणून समजा. कडी पकडलेल्या चर्चिलचा हात नेमका तसाच होता.

पुढे हा खांदा कधी कधी दगा द्यायचा याची त्याने दिलेली यादी वाचताना जाणवतं की हे बसल्या जागी सुचलेलं नाही. उशीखाली हात घालून झोपला तर, कपाटातलं पुस्तक काढायला गेला तर, जिन्यावर पाय घसरला तर, पोहताना. एकदा तर कॉमन्स सभागृहात भाषण करताना जोरात हातवारे केले आणि खांदा निसटतो की काय असं झालं. त्या क्षणी आपण एकाएकी जमिनीवर लोळण घेतली असती तर सभासदांना काय वाटलं असतं, हे तो मोठ्या गमतीने सांगतो. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी ही यादी आहे. ज्याचा खांदा निखळलेला आहे अशा कुणालाही ती वाचायला द्या, तो मान डोलावेल.

पोलो खेळताना त्याला दंड छातीशी पट्ट्याने बांधावा लागायचा. पोलो त्या रेजिमेंटचा ध्यास होता. मुंबईला उतरल्या उतरल्या त्यांनी पूना लाइट हॉर्सचे पंचवीस पोलोचे घोडे एकदम विकत घेतले आणि थोड्याच आठवड्यांत हैदराबादला गोवळकोंडा चषक जिंकला. फेब्रुवारी १८९९ मध्ये जोधपूरला सर प्रतापसिंहांचा पाहुणा असताना तो जिन्यावरून पडला आणि उजवा खांदा पुन्हा निखळला. मीरतच्या आंतर-रेजिमेंट स्पर्धेला काही दिवसच उरले होते. तो दंड बांधून खेळला आणि चौथ्या ड्रॅगून गार्ड्सविरुद्धचा अंतिम सामना चार विरुद्ध तीन गोलांनी जिंकला. हा सगळा भाग वाचायला मजेचा आहे, पण मला इथे फार रेंगाळायचं नाही. खरी गोष्ट त्याआधीची, सप्टेंबर १८९८ ची आहे.

ओम्दुर्मान

२ सप्टेंबर १८९८. सुदानमध्ये खार्टूमजवळ, नाईल नदीच्या काठी, ब्रिटिश सेनापती किचनरच्या फौजेपुढे खलिफाची, म्हणजे सुदानचा बंडखोर धर्मनेता महदी याच्या वारसाची, सेना उभी होती. चर्चिल तिथे पोहोचला होता तो वरच्या ओळखींवर; आईने आणि थेट पंतप्रधान सॉल्सबरींनीही त्याच्यासाठी शब्द टाकला होता. किचनरला तो नको होता. एकविसाव्या लान्सर्स या घोडदळाच्या रेजिमेंटबरोबर त्याची तात्पुरती नेमणूक झाली होती आणि 'मॉर्निंग पोस्ट'साठी तो बातमीपत्रंही लिहीत होता. सकाळी लान्सर्सना समोर दीडएकशे बंदूकधारी दिसले, म्हणून चारशेहून कमी स्वारांनी घोडे दौडवले. जवळ गेल्यावर कळलं की त्यांच्या मागे कोरड्या ओढ्याच्या खाचेत दोनेक हजार माणसं दाटीवाटीने उभी आहेत. दोन-तीन मिनिटांत एक अधिकारी आणि वीस जवान ठार, पन्नास जखमी, आणि ११९ घोडे ठार किंवा जखमी झाले.

या क्षणाचं चर्चिलचं वर्णन अगदी बारीक आहे. करड्या रंगाचं अरबी पोलो-घोडं, भरधाव दौड. हातात उपसलेली तलवार आहे. खांद्याचा भरवसा नसल्याने हातघाईची वेळ आली तर पिस्तूलच वापरायचं, हे त्याने आधीच ठरवलेलं. म्हणून दौडत्या घोड्यावर तलवार म्यानात परत घालायची, जी सहजासहजी जात नाही, आणि लाकडी म्यानातून माउझर पिस्तूल काढायचं. लंडनहून आणलेलं ते दहा गोळ्यांचं स्वयंचलित पिस्तूल तेव्हा बाजारात नुकतंच आलं होतं.

इथून पुढे तो जे म्हणतो, त्यात या प्रकरणाची गाठ आहे. माझा खांदा धड असता तर मी तलवारीनेच लढलो असतो, आणि मग ही गोष्ट सांगायला कदाचित उरलोच नसतो, असं त्याचं म्हणणं. वाईट म्हणून जे भोगलं तेच पुढे तारून नेतं. मराठीत याला एकच शब्द आहे: इष्टापत्ती.

प्रसंग खरा, खांदा खरा, पिस्तूल खरं. पण या तिघांना जोडणारा धागा नंतरचा आहे. त्या दिवशी तलवार घेऊन गेलेले बहुतेक स्वार जिवंत परत आले, हे वर दिलेल्या आकड्यांवरूनच दिसतं. तेव्हा पिस्तुलाने त्याला वाचवलं हे सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. राजकारणी माणसाला आपल्या आयुष्यात नियतीचा हात दिसणं फार उपयोगाचं असतं. मंत्रिपद गेलेल्या, पंचावन्नाव्या वर्षी बाजूला पडलेल्या माणसाला तर जास्तच. ससून डॉकची कडी आणि ओम्दुर्मानचं माउझर यांच्यामध्ये त्याने जो पूल बांधला, तो १८९६ किंवा १८९८ चा नाही, १९३० चा आहे.

याला कागदाचा आधार आहे. लढाईनंतर दोन आठवड्यांनी, १६ सप्टेंबर १८९८ ला, त्याने इअन हॅमिल्टन या वरिष्ठ अधिकारी-मित्राला पत्र लिहिलं. त्यात तो माणसांच्या तोंडावर पिस्तूल झाडल्याचं सांगतो आणि हिशेब देतो: तीन नक्की मेले, दोघांबद्दल शंका, एकाबद्दल फारच शंका. कच्च्या वहीतल्या नोंदीसारखा हा कोरडा हिशेब वाचताना अंगावर काटा येतो. आत्मकथनात तोच हात, तेच पिस्तूल, पण मेलेल्या माणसाकडे पाहून माणूस मारणं किती सोपं असतं असं एक वाक्य येतं, आणि लगेच आपण त्याचा विचार करत बसलो नाही अशी पुस्ती. मला हे वाक्य त्या पुस्तकातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं. तेविशीतला मुलगा मोजत होता. पंचावन्नाव्या वर्षी त्या मोजण्याकडे वळून पाहायला त्याच्याजवळ एक क्षण होता, आणि तो त्याने फार लांबवला नाही.

आणखी एक तुलना करण्यासारखी आहे. १८९९ मध्ये, पंचविशीच्या आतच, त्याने सुदान मोहिमेवर 'द रिव्हर वॉर' हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यात महदीच्या कबरीची विटंबना आणि जखमी शत्रूंना दिलेली वागणूक यांवरून त्याने आपल्याच सेनापतीला, किचनरला, धारेवर धरलं. तो तेव्हा सैन्यातून बाहेर पडून निवडणूक लढवायच्या तयारीत होता, असं लिहिणं त्याला महाग पडू शकलं असतं. १९०२ च्या संक्षिप्त आवृत्तीत, खासदार झाल्यावर, त्यातली बरीच टीका गाळली गेली. म्हणजे तरुणाला दिसत नव्हतं असं नाही. परक्यांवर झालेला अन्याय त्याला दिसत होता आणि तो लिहूही शकत होता. म्हणूनच पुढचा भाग मला जास्त लागतो.

त्याच महिन्यात मुंबईत

मी ससून डॉकला पहाटे गेलो आहे. चारच्या सुमाराला ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात, टोपल्या भराभर वर फेकल्या जातात, बर्फाचा चुरा पायाखाली कुरकुरतो. कोळणी ठसक्यात लिलाव पुकारतात, कोपऱ्यात बायका ओळीने बसून कोळंबी सोलत असतात. १८७५ मध्ये अल्बर्ट ससूनने ही गोदी बांधली ती कापसाच्या व्यापारासाठी. ओहोटीला धक्क्याची भिंत किती उघडी पडते ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. मोठ्या भरतीच्या दिवसांत मुंबईच्या पाण्याची पातळी चार-पाच मीटरने वरखाली होते. चर्चिलने वर्णन केलेला हिसका तिथे कुणालाही बसू शकतो.

त्या गोदीपासून पाच-सहा किलोमीटरवर मांडवी. सप्टेंबर १८९६ च्या उत्तरार्धात, म्हणजे 'ब्रिटानिया' समुद्रात असतानाच, तिथे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचं निदान केलं होतं. मुंबईत प्लेग आला होता. ऑक्टोबरात डॉ. हाफकिन मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस बनवायला बसले. येत्या काही महिन्यांत लाखो माणसं गाडी मिळेल त्या गावाला पळणार होती.

चर्चिलच्या मुंबईत उतरण्याच्या आणि पुण्यातल्या मुक्कामाच्या वर्णनात प्लेग नाही. एकविसाव्या वर्षी, एका दिवसासाठी उतरलेल्या अधिकाऱ्याच्या कानावर मांडवीची बातमी आली नसेल, हे मला मान्य आहे. पण १९३० मध्ये लिहिणाऱ्याला ती माहीत होती.

रेजिमेंट पुण्याला गेली. मोकळ्या माळावर दुहेरी कनातींचे मोठे तंबू. सकाळ झाली तसे फेटे बांधलेले उमेदवार हजर झाले: बटलर, कपडे घालणारा बॉय, घोड्यांचा मोतद्दार. शिफारशीच्या चिठ्ठ्या दाखवून, लवून सलाम करून त्यांनी साहेबाचं सगळं सामान आणि सगळा संसार ताब्यात घेतला. चर्चिल हे कौतुकाने लिहितो. इतकं सुख इतक्या स्वस्तात कुठे मिळणार, असा सूर आहे. त्यात कुचेष्टा नाही, पण त्या माणसांपैकी एकालाही नाव नाही. आपल्या आयाला, मिसेस एव्हरेस्टला, त्याच पुस्तकात त्याने इतक्या मायेने उभं केलं आहे की वाचताना गळा दाटून येतो. नोकरमाणसाकडे माणूस म्हणून पाहणं त्याला जमत होतं. पुण्याच्या तंबूत ते जमलं नाही, किंवा करावंसं वाटलं नाही.

मग गणेशखिंडीचं जेवण. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी या तरुण अधिकाऱ्याला मित्रासह गव्हर्नमेंट हाऊसवर बोलावलं. भरपूर खाणं, भरपूर शॅम्पेन, आणि गव्हर्नरसाहेबांनी काही विषयांवर विचारलं तेव्हा त्याने ऐसपैस मतं दिली. बावीस वर्षंही पुरी न झालेल्या पोराने गव्हर्नरला कारभार शिकवला, हे तो मोकळेपणाने कबूल करतो.

नऊ महिन्यांनी, २२ जून १८९७ च्या रात्री, त्याच गव्हर्नमेंट हाऊसवर राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ झाला. तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. रँड पुण्याचा प्लेग अधिकारी. त्याच्या अंमलात गोरे सोजीर पुण्याच्या वाड्यांत, माजघरांत, देवघरांत घुसले होते. सप्टेंबरच्या १४ तारखेला टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली. १६ तारखेला, वायव्य सरहद्दीवरच्या मामुंद खोऱ्यात, चर्चिल आपली पहिली मोठी लढाई लढला. पुस्तकात तो १६ सप्टेंबर पानंच्या पानं आहे, क्षणाक्षणाने. गणेशखिंडीच्या जेवणाच्या पानांवर मात्र त्या रस्त्याची चाहूलही लागत नाही.

माझं या प्रकरणाबद्दलचं म्हणणं एवढंच आहे की हे पुस्तक जे अंगाने भोगलं ते नेमकं सांगतं, आणि जे अंगाला लागलं नाही त्याच्या शेजारून निघून जातं. खांद्याला हिसका बसला, तो चौतीस वर्षं टिकला. शहराला बसलेल्या हिसक्याची नोंदच नाही. यात मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. पण हा माणूस हिंदुस्थानच्या भविष्यावर बोलायचा हक्क सांगत होता, म्हणून ते न दिसणं मला किरकोळ वाटत नाही.

१९३०

कारण पुस्तक आलं तेव्हा गांधीजी कुठे होते? येरवड्याला. ५ मे १९३० ला त्यांना अटक झाली आणि पुढच्या जानेवारीपर्यंत ते तिथे होते, ज्या पुण्याच्या माळावर चर्चिलने तंबूत रात्र काढली त्याच पुण्यात. तीस वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात, बोअर युद्धातल्या स्पिऑन कोपच्या लढाईत, हे दोघे एकाच डोंगराच्या आसपास होते: चर्चिल बातमीदार आणि अधिकारी म्हणून धावपळ करत, गांधी हिंदी रुग्णवाहिका पथकात जखमींच्या डोल्या वाहत. पुस्तक निघाल्यावर तीन महिन्यांनी चर्चिल हिंदुस्थानच्या प्रश्नावरून आपल्या पक्षाच्या नेत्यांपासून वेगळा झाला, आणि २३ फेब्रुवारी १९३१ ला त्याने गांधीजींना 'अर्धनग्न फकीर' म्हटलं. व्हाइसरॉयच्या महालाच्या पायऱ्या असा माणूस चढतो, हे त्याला असह्य झालं होतं. ज्या हिंदुस्थानसाठी तो हे भांडण करत होता, तो त्याला मुख्यतः बंगळूरच्या बंगल्यातून, पोलोच्या मैदानातून आणि सरहद्दीच्या डोंगरातून दिसलेला होता. दुपारच्या उन्हात चार-पाच तास गिबन आणि मॅकॉले हे इतिहासकार वाचून त्याने स्वतःला घडवलं, ही त्या बंगल्याची मोठी देणगी. मराठी, कानडी, उर्दू यांतलं कुणाचं बोलणं मात्र त्या दुपारी त्याच्या कानावर पडलेलं दिसत नाही.

गणेशखिंडीचं ते गव्हर्नमेंट हाऊस आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. चर्चिल तिथे जेवला त्यानंतर पाचच महिन्यांनी सावित्रीबाई प्लेगने गेल्या. रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली.

माझ्या प्रतीत ससून डॉकच्या पानावर, जिथे तो कडी पकडतो त्या ओळीच्या शेजारी, मी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: 'मांडवी, सप्टेंबर १८९६.' चार पानं पुढे, गव्हर्नरच्या जेवणाशी: 'रँड, २२ जून १८९७.' आणि त्याखाली: 'सावित्रीबाई, १० मार्च १८९७. मुंढव्याचं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात.'